पाणपिसूचं हृदय आणि अण्णासाहेबांची तंबाखू

"हृदयाचा अभ्यास करायला लोक मुंबईला जातात. मला बारवेतलं चमचाभर पाणी बास!" परतूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे भुजंग सर छाती फुगवून सांगायचे.

बढाई खोटी नव्हती. बारवेच्या पाण्यात पाणपिसवा असतात. मोहरीएवढा जीव, पण अंग काचेसारखं आरपार! मायक्रोस्कोपखाली धरली की हृदय धडधडताना दिसतं. औषध टाका, चहा टाका, काय होतं ते डोळ्यांनी बघा. सरांनी बरणीभर पिसवा पाळल्या होत्या.

साल चौऱ्याहत्तर. सर चार वर्षांपासून 'तात्पुरते' होते आणि कायम करणं संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांच्या हातात होतं. म्हणून सरांनी त्यांनाच प्रयोग बघायला बोलावलं.

अण्णासाहेब आले ते गालात तंबाखूचा बार धरूनच. एक डोळा मिटून भिंगात डोकावले.

"आयला! हे तर हलून राह्यलं!"

"हृदय आहे, साहेब. आता चहाचा थेंब टाकतो."

हृदय ताशावरच्या काड्यांसारखं उडायला लागलं! अण्णासाहेब खूश. त्यांनी कमरेची चंची सोडली. "आता ही टाका. आमची तंबाखू!"

सरांनी इथंच थांबायला हवं होतं. पण कायम होण्याच्या आशेनं त्यांनी तंबाखू मस्त कुस्करून दाट काढा केला आणि थेंब सोडला. हृदय सुसाट पळालं. अडखळलं. थांबलं.

अण्णासाहेबांनी स्वतःची छाती धरली. दरदरून घाम!

"साहेब, ती पिसू होती!"

"पन तंबाखू माझी होती ना!"

त्याच दिवशी तंबाखू सुटली. अण्णासाहेबांच्या पत्नी उषाबाईंनी सरांच्या घरी नारळ पाठवला. सरांना वाटलं, झालं आपलं काम!

पण तंबाखू सुटल्यानं अण्णासाहेबांचं तोंड मोकळं झालं! आजवर बार सांभाळत ते मीटिंगमध्ये नुसतं 'हूं' म्हणायचे. आता अखंड बोलू लागले. दहाच्या ठोक्याला गेटवर उभे राहून प्राध्यापकांची हजेरी घेऊ लागले. मागच्या बाकावर बसून शिकवणं तपासू लागले. इतिहासाच्या याकूब सरांचा तर अख्खा तास त्यांनी स्वतःच घेतला, तोही स्वतःच्या लग्नाची हकिकत सांगून!

आठवड्यात सगळ्या स्टाफरूमनं भुजंग सरांना घेरलं.

"भुजंगराव, जल्दी कायतरी करा," याकूब सर काकुळतीला आले. "अण्णासाहेबांना पुन्हा तंबाखू लावा. न्हाई तर तुमच्या पिसवांच्या आधी आम्ही मरून राह्यलो!"

"शास्त्राशी बेइमानी करू?"

"बेइमानी कशाला? पाणी जास्त घाला!"

सरांनी रात्रभर नव्हे, दोन मिनिटं विचार केला. गुपचूप बादलीभर पाण्यात चिमूटभर तंबाखू घातली आणि त्यातला एक थेंब अण्णासाहेबांसमोर पिसूवर सोडला. अण्णासाहेब पाच मिनिटं भिंगाला चिकटून होते.

"मेली न्हाई?"

"बिलकुल नाही!"

याकूब सरांनी हळूच चंची पुढं केली. अण्णासाहेबांनी बार भरला, डोळे मिटले, चेहऱ्यावर समाधान पसरलं. दाराबाहेर प्राध्यापकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या.

एवढ्यात अण्णासाहेबांनी डोळे उघडले. "पन सर, मंग पहिली पिसू मेली कशानं?"

भुजंग सर घाईघाईनं भिंग पुसू लागले. खरं सांगावं तर बादलीचं सांगावं लागणार!

"न्हाई ना सांगता येत? मी सांगतो," अण्णासाहेब गरजले. "तिला आधी चहा पाजला होता तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी फलकावर हुकूम लागला: कॉलेजच्या आवारात चहा पिण्यास सक्त मनाई. त्याखाली दुसरी ओळ होती: चहाचा धोका उघडकीस आणल्याबद्दल श्री. भुजंग यांना सेवेत कायम करण्यात येत आहे.

सरांनी पेढे आणले. स्टाफरूममध्ये सगळे हजर होते. पेढ्याला कुणीच हात लावला नाही.

"घ्या ना, याकूब सर!"

याकूब सरांनी पुडा हळूच परत सरकवला.

"चहाबिगर घशाखाली उतरत न्हाई, भुजंगराव."