शिरा हिरव्या, पान पिवळं

फिशटँकमधलं कोवळं पान पिवळं पडतंय हे घरात सगळ्यात आधी काकासाहेबांच्या लक्षात आलं, पण त्यांना कुणी विचारलंच नाही.

तीस वर्षं त्यांनी फुलंब्री तालुक्यात कृषी सहायकाची नोकरी केली होती. मोसंबीचं पान हातात घेतलं की झाडाच्या पोटात काय दुखतंय ते बांधावर उभ्या उभ्या सांगत. निवृत्तीनंतर मुलगा गोकुळ त्यांना सिडकोतल्या फ्लॅटवर घेऊन आला आणि त्यांच्या वाट्याला पानं उरली ती सुनेच्या टाकीतली. तनुजानं मोठ्या हौसेनं चार फुटी टाकीत पाण्यातली झाडं लावली होती. मासे आपले नावाला.

गेल्या दिवाळीत काकासाहेबांच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला, तेव्हा तनुजानं त्यांना डॉक्टरांसमोर तंबाखू सोडायला लावली. ती सुटली, असं घर मानत होतं. खरं तर पुडी माशांच्या खाद्याच्या डब्यात तळाशी होती आणि चुन्याची डबी टाकीच्या पाठीमागं वरच्या फळीवर. रोज चारच्या ठोक्याला म्हातारा माशांपाशी जाऊन उभा राहतो, याचं सगळ्यांना फार कौतुक. पंधरा दिवसांपूर्वी मात्र डबी हरवली. असल्या वस्तूची चौकशी तरी कुणाकडं करणार? तेव्हापासून ते वॉचमन सांडूकडून नखभर चुना मागून आणत.

तनुजानं पिवळ्या पानाचा फोटो टाकी विकणाऱ्या सत्यमला पाठवला. त्यानं उजेड कमी पडतोय म्हणून नवा दिवा दिला. आठवड्यानं पानं आणखी पिवळी झाली, तेव्हा पोटॅशची बाटली दिली. मग काकासाहेबांना राहवलं नाही.

"जुनं पान पिवळं पडलं असतं तर गोष्ट वेगळी. हे नवं पान हाय, अन् शिरा हिरव्या हायेत. ही लोहाची कमतरता."

तनुजानं लोहाची बाटली आणली. चार दिवस थेंब मोजून टाकले. पानं आता पांढरट दिसू लागली. गोकुळनं आडून सुचवलं की बाबा, मोसंबी निराळी. काकासाहेबांना ते लागलं. तीस वर्षांत त्यांचं निदान कुणी खोडलं नव्हतं, आणि इथं पोटचा मुलगा खोडत होता.

"लोह हाय, पण झाडाला घेता येत नाय. चुनखडीच्या रानात मोसंबीचं असंच होतं. पाण्यात चुना हाय."

तनुजा म्हणाली की नळाला आठवड्यानं पाणी येतं, ते आपण मशीनमधून गाळून टाकीत घालतो, चुना येणार कुठून? तरी तिनं टाकीतलं पाणी पेल्यात घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकून पाहिले. पाणी गर्द निळं झालं, म्हणजे चुन्याच्या बाजूचं. काकासाहेबांची मान ताठ झाली.

आता चुना शोधणं आलं. त्यांनी टाकीतले खडे ताटात काढले आणि त्यांवर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर ओतलं. चुनखडी असली की फेस येतो, हे त्यांनी बांधाबांधावर शेकडो वेळा दाखवलं होतं. एकाही खड्याला फेस आला नाही. व्हिनेगरच बाद असावं अशी शंका येऊन त्यांनी ते खात्रीच्या संगमरवरावर टाकून पाहिलं. घरात तसला दगड एकच होता, देवघराचा. फेस झकास आला. मागं मळकट डाग राहिला, आणि डागामागोमाग त्यांच्या पत्नी आवडाबाई आल्या.

"नोकरीभर लोकायच्या बागा पारखल्या, आता देवाची परीक्षा घ्यायलेत का?" एवढं बोलून त्यांनी नवऱ्याशी बोलणं बंद केलं. तनुजाही थकली होती. रविवारपर्यंत फरक पडला नाही, तर सगळी झाडं उपटून प्लास्टिकची लावायची, असं तिनं ठरवलं.

रविवारी सत्यम प्लास्टिकच्या झाडांची पिशवी घेऊन हजर झाला. काकासाहेब टाकीसमोर आडवे उभे राहिले.

"चुना सापडल्याबिगर एक रोप उपटू देणार नाय."

"काका, खेती अलग, हे अलग," सत्यम हसत म्हणाला. "यात सायन्स असतं."

काकासाहेब त्याच्याकडं बघतच राहिले. पाणी गाळलेलं, खडे स्वच्छ. मग चुना पाणी जिथं फिरतं त्याच वाटेवर असला पाहिजे. त्यांची नजर टाकीच्या पाठीला टांगलेल्या फिल्टरच्या उघड्या डब्यावर गेली. तिथून सरळ वर फळी होती. त्यांच्या डबीची.

त्यांनी फिल्टरमध्ये हात घातला. डबी हाताला लागली, बुळबुळीत आणि झाकण निसटलेली. मुठीत धरून बाहेर काढली असती तर कुणाला कळलंही नसतं. झाडं गेली असती, पण चारचा बार शाबूत राहिला असता. त्यांनी मूठ वळलीसुद्धा.

"जाऊ द्या काका," सत्यमनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वयानं होतं असं."

तो खांद्यावरचा हात त्यांना सोसला नाही. त्यांनी मूठ बाहेर काढली आणि पांढऱ्या लगद्यानं माखलेली डबी टेबलावर सगळ्यांच्या देखत आपटली.

"हा घ्या चुना."

 आवडाबाईंनी डबी लगेच ओळखली. तनुजानं ती उलटीसुलटी करून पाहिली.

"ही कोणाची, बाबा?"

"माझी. पण निदान कोणाचं?"

तनुजानं नुसता हात पुढं केला. काकासाहेबांनी खाद्याचा डबा उघडला, तळाची पुडी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. तोंड कडू झालं होतं, पण मान खाली गेली नव्हती.

"निदान कोणाचं?"

"तुमचंच," ती म्हणाली. रागावलेली होती, पण म्हणाली.

मग ते सत्यमकडं वळले आणि त्याची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली.

"ही घेऊन जा. प्लास्टिकच्या झाडाला काय झालं तर मला पान बघून सांगता यायचं नाय."