एलिसेओ सरांच्या अंगणातला डायनोसॉर

खड्डा थोडा आणखी खोल घ्यावा, एवढंच एलिसेओ फेरागुतच्या मनात आलं होतं. अंगणात खड्डा करून लाकडं पेटवायची, लोखंडी क्रुसावर कोकरू ताणून बांधायचं आणि विस्तवाकडे जरा झुकवून ठेवायचं, हे लोमा पार्दा गावात दर रविवारी घरोघर चालतं. त्यासाठी कोणी शास्त्रज्ञ लागत नाही. पण त्या रविवारी वारा असा सुटला होता की उथळ खड्ड्यातला निखारा थेट शेजारच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेला असता. म्हणून आणखी हातभर खोल. पुढचं सगळं या हातभरातून निघालं.

एरवी त्या वेळी एलिसेओ सर गावाबाहेरच्या लाल कड्यापाशी कॅमेऱ्यासमोर उभे असायचे. प्रांतातल्या शाळांसाठी शैक्षणिक चित्रपट काढणारी मंडळी गावात आली होती. चित्रपटाचं नाव होतं ‘आपल्या पायाखाली’, आणि त्यात जीवाश्म म्हणजे काय, दगडांचे थर कसे वाचायचे, हाडाचा दगड कसा होतो, हे सगळं गावच्या शाळेतले विज्ञानाचे सर समजावून सांगणार होते. दिग्दर्शिका रेनाता हिने तर सरांच्या चेहऱ्याखाली येणारी पाटीसुद्धा तयार करून दाखवली होती: ‘एलिसेओ फेरागुत, तज्ज्ञ’.

ही पाटी पाहून सर खूश झाले, पण त्यांची बायको देलिया जी खूश झाली, त्याला तोड नाही. देलियाची थोरली बहीण इर्मा बाइया ब्लांकासारख्या मोठ्या शहरात दातांच्या डॉक्टरला दिलेली. गेली कित्येक वर्षं दर नाताळला इर्मा विचारायची, “एलिसेओ अजून त्याच शाळेत का?” आणि देलिया मूग गिळून बसायची. आता तिने त्या पाटीचा फोटो काढून आधी इर्माला धाडला आणि मग नवऱ्यासाठी चिक्कार खिशांचं एक खाकी जाकीट आणलं. (त्या खिशांत ठेवायला सरांकडे चष्मा आणि दोन लिमलेटच्या गोळ्या होत्या.)

वाऱ्यामुळे कड्यावरचं चित्रीकरण रद्द झालं. कॅमेरावाला उलीसेस डोळ्यांतली धूळ चोळत स्वयंपाकघरात बसला. देलिया म्हणाली, “नुसते बसून काय करणार? कोकरू लावू. एलिसेओ, खड्डा खण.”

सरांनी खणला. आणि खोल घेताना फावडं ठक्क करून वाजलं.

मातीतून एक कड वर आली होती. वळणदार, चहाच्या रंगाची, कडेला बारीक भोकं. लोमा पार्दात डायनोसॉर नवलाचा नाही. गावातल्या बेकरीला डायनोसॉरचं नाव आहे, केशकर्तनालयालाही आहे, पण आजवर जे सापडलं ते दुसऱ्यांच्या शेतात. फेरागुतांच्या अंगणात आजवर फक्त बटाटे सापडले होते.

आता हाड ओळखायची या भागातली रीत अशी, की वस्तूला जीभ लावायची. साधा दगड असेल तर जीभ घसरते. जुनं हाड असेल तर आतल्या बारीक छिद्रांमुळे ती चिकटते. मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा हेच करतात, आणि गावातली पोरं तर दात येण्याआधीपासून करतात. सर गुडघ्यांवर बसले, डोळे मिटले आणि त्यांनी त्या कडेला जीभ लावली.

चिकटली.

“सर, तसेच राहा,” दारातून रेनाता म्हणाली. “उलीसेस, कॅमेरा आण. सर, पुन्हा एकदा लावा.”

सरांनी पुन्हा लावली. मग उजेड डावीकडून बरा म्हणून डावीकडून लावली. मग जवळून हवी म्हणून सावकाश, चव घेतल्यासारखी लावली.

“काय असेल सर?”

“कवटीचा भाग,” सर खाकी जाकिटाच्या खिशात हात घालून म्हणाले. “शाकाहारी प्राणी.”

“शाकाहारी कशावरून?”

“वळणावरून,” सर म्हणाले. (वळणावरून काहीही कळत नाही. पण पाटीवर तज्ज्ञ लिहिलेलं असलं की माणसाला काहीतरी म्हणावं लागतं.)

देलियाने एप्रनला हात पुसत हे ऐकलं आणि ती फोनकडे पळाली. सरांनी भिंतीच्या आडोशाला दुसरा खड्डा करून कोकरू लावून दिलं, मग ब्रश घेतला आणि कॅमेऱ्यासमोर हळूहळू माती झाडायला सुरुवात केली. कड आत वळत गेली. वळणाखाली एक गोल भोक दिसलं. आणि भोकाच्या आतल्या बाजूला, नखाएवढ्या जागेत, आकाशी निळा रंग चमकला.

तो निळा सरांच्या ओळखीचा होता.

देलियाच्या आईने हौसेने घेतलेला आकाशी कमोड या घरात वर्षानुवर्षं होता. न्हाणीघर नवं केलं तेव्हा देलिया इर्माकडे गेली होती, आणि जाताना बजावून गेली होती की तिचा भाऊ रामीरो याच्या गाडीतून तो कमोड कचरा डेपोत टाकून ये. त्या दुपारी असाच वारा होता आणि रेडिओवर फुटबॉलचा सामना होता. सरांनी हातोड्याने कमोडाचे दोन तुकडे केले, पॉपलरच्या झाडामागे पुरले आणि देलिया आल्यावर “टाकून आलो” म्हणून सांगितलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी डेपोवर केवढी रांग होती तेही सांगितलं. देलियाला इतकं कौतुक वाटलं की तिने आटवलेल्या गोड दुधाचा केक केला. नंतर एका वादळात तो पॉपलर पडला, खूण गेली आणि सर विसरले. फुटल्या कडेवरचा निळा मुलामा उडालेला आणि जुन्या स्वस्त भांड्याची आतली माती कच्ची भाजलेली, त्यामुळे जीभ मात्र इमानदारीने चिकटली होती.

सरांना आधी जिभेची आठवण झाली. ते धावत आत गेले, ‘माते’ या तिकडच्या कडू पानांच्या काढ्याचं भांडं उचललं आणि तो गरम काढा नळीने इतक्या जोरात ओढला की टाळू पोळली. मग स्वयंपाकघरात उभे राहून ते बायकोकडे पाहू लागले. सांगून टाकावं, आत्ताच सांगावं.

देलिया फोनवर होती. “हो, आमच्याच अंगणात. अगं, एलिसेओनेच काढला. दातांचं अजून काही कळलं नाही बाई, कळलं की तुझ्या नवऱ्याला विचारू.”

“देलिया, जरा ऐक.”

“थांब इर्मा. काय रे? केस विंचर आधी, सगळी शाळा बघणार आहे तुला.” आणि तिने स्वतःच्या हाताने त्याचे केस सारखे केले. गेल्या कित्येक वर्षांत तिने असं केलं नव्हतं. आपण किती हलके आहोत, हे त्या क्षणी सरांना इतकं लख्ख कळलं की डोळ्यांत पाणी आलं. देलियाला ते आनंदाचं वाटलं, आणि सरांनी ते तसंच वाटू दिलं.

बाहेर येऊन त्यांनी एकच काम केलं. “हवा लागली की हाड भुगा होतं,” असं म्हणत त्यांनी त्यावर ओली वर्तमानपत्रं टाकली आणि चित्रपटासाठी आणलेल्या प्लास्टरमध्ये बुडवलेले गोणपाटाचे पट्टे भराभर गुंडाळले. जीवाश्म असाच गुंडाळतात, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. खालून मोकळं करून पुन्हा गुंडाळलं तेव्हा दुधी भोपळ्यासारखा एक पांढरा गोळा तयार झाला. रात्री तो कुठेतरी नेऊन टाकू, असा सरांचा बेत होता. पण घाईत त्यांनी प्लास्टरमध्ये पाणी जास्त घातलं होतं. आणि कोकराकडे पाहायला ते साफ विसरले होते.

तोवर गल्ली जमली. कोणी कोशिंबीर आणली, कोणी वाइन. रामीरो गाडी घेऊन आला. “दाजी, आता गल्लीला तुमचं नाव लागल्याशिवाय राहत नाही,” तो म्हणाला. रेनाताने परस्पर शेजारच्या गावच्या संग्रहालयाला फोन केला होता आणि तिथल्या जीवाश्मांच्या डॉक्टरबाई वाट पाहत होत्या.

“सुकू द्या,” सर म्हणाले. “चार दिवस तरी सुकू द्या.”

“बाई थांबल्यात सर. उलीसेस, गाडीत चढवताना चित्रण घे.”

चौघांनी गोळा उचलला. सर पाचवे म्हणून मध्ये घुसले आणि खालून दोन्ही हातांनी धरून राहिले. गाडीच्या फळीला गोळा टेकला, ओलं प्लास्टर फाटलं आणि देलियाच्या आईचा अर्धा कमोड, आकाशी निळा, वळणदार नळीसकट, सर्वांच्या पायाशी येऊन पडला.

वारा नेमका तेव्हाच थांबला.

“दाजी,” रामीरो म्हणाला, “हा तर आईचा.”

देलिया पुढे आली. वाकून तिने निळ्या रंगावरची माती बोटाने पुसली. “हा तू डेपोत टाकून आला होतास ना?”

सर प्लास्टरचे हात खाकी जाकिटाला पुसू लागले.

“रांग होती म्हणालास.”

“रांग तिथे नेहमीच असते,” सर म्हणाले.

“आणि याला तू जीभ लावलीस.”

“बाहेरच्या बाजूला.”

“चार वेळा,” उलीसेस कॅमेऱ्यामागून म्हणाला. तो प्रामाणिक मुलगा होता.

गल्ली हसली. पोट धरून, एकमेकांच्या खांद्यावर पडून हसली. सरांना ते सोसलं असतं. पण देलिया हसली नाही, तेव्हा मात्र त्यांना धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. (धरणीने नुकताच कमोड परत केला होता, ती सरांना कशाला घेते.) कोकरू एका बाजूने कोळसा झालं होतं. या गावात मांस पानात पडलं की भाजणाऱ्यासाठी सगळे टाळ्या वाजवतात. ते बेचव झालं असलं तरी वाजवतात. त्या दुपारी कोणाला आठवण झाली नाही, किंवा झाली आणि हात उचलले नाहीत.

फोन वाजला. पलीकडे इर्मा होती. देलियाने थोडं ऐकलं आणि म्हणाली, “हो, निघालं बाहेर. आईचं होतं.” आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर कितीतरी दिवस ती नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. एके संध्याकाळी सर तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, “कमोडाचं जाऊ दे. मी तुझा केक खाल्ला, त्याची लाज वाटते.”

देलिया म्हणाली, “दोनदा वाढून घेतला होतास.” तिने ‘माते’चं भांडं भरून त्याच्यापुढे सरकवलं, तेव्हा सरांना कितीतरी आठवड्यांनी श्वास घेतल्यासारखं वाटलं.

‘आपल्या पायाखाली’ पूर्ण झाला. त्यात तज्ज्ञ म्हणून संग्रहालयाच्या डॉक्टरबाई आहेत. सरांचा त्यात मागमूस नाही. पण पुढे हिवाळ्यात रेनाताचा फोन आला. पहिलीच्या मुलांसाठी आरोग्यावर एक छोटा चित्रपट करायचा होता, नाव होतं ‘तोंडात काय घालू नये’. सरांची हरकत नसेल तर तो अंगणात टिपलेला चित्रीकरणाचा तुकडा वापरावा म्हणत होती.

“माझी हरकत आहे,” सर म्हणाले.

देलियाने त्यांच्या हातातून फोन घेतला. “वापरा,” ती म्हणाली. “पण नावाची पाटी आहे तशी राहू द्या.”

शाळेच्या सभागृहात चित्रपट दाखवला तेव्हा देलिया चांगला पोशाख करून पहिल्या रांगेत बसली, शेजारी बाइया ब्लांकाहून मुद्दाम बोलावलेली इर्मा. पडद्यावर सरांची जीभ खाटेएवढी होऊन आली, कमोडाच्या कडेकडे गेली आणि चिकटली. खाली ठळक अक्षरांत आलं: ‘एलिसेओ फेरागुत, तज्ज्ञ’. सरांनी मान खाली घातली. अंधारात कोणीतरी टाळ्या वाजवू लागलं, मांस भाजणाऱ्याला वाजवतात तशा. सरांनी वर पाहिलं तर ती देलिया होती. मग रामीरोने वाजवल्या, मग सगळ्यांनी.

त्या रात्री सरांना शांत झोप लागली. लाज असते, पण ती चौघांत वाटून घेतली की उचलता येते, असं काहीसं त्यांच्या मनात येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेच्या दारात उभे राहिले. तिथे पोरं रोज एकेक करून सरांच्या गालाचा मुका घेतात आणि वर्गात जातात, ही त्या देशातली जुनी रीत. सर नेहमीप्रमाणे गाल पुढे करून वाकले. पहिलीतल्या पहिल्या मुलीने त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, एक पाऊल मागे घेतलं आणि हात पुढे केला. तिच्यामागे अख्खी रांग हात पुढे करून उभी होती, आणि रांगेच्या शेवटी मुख्याध्यापिका.