रिकामं दिसेल त्याला लाल कार्ड

“संध्याकाळपर्यंत या हॉलमध्ये बिनकामाची टाचणीसुद्धा दिसणार नाही, साहेब!”

ताई हे इतक्या ठसक्यात बोलली, की ऐकणाऱ्याला वाटावं, हिला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नसावं. प्रत्यक्षात टेबलाआड ती पदराचं टोक पिळून पिळून त्याची दोरी करत होती.

शाळेची दप्तरं शिवणाऱ्या त्या कारखान्यात ती सुपरवायझर. साहेबांनी नुकतंच बजावलं होतं, “वाया जाणारं कापड, वाया जाणारी धावपळ, वाया जाणारा वेळ, सगळं आजच्या आज आटोक्यात आणा. नाहीतर उद्यापासून तुम्ही पलीकडच्या युनिटला!”

पलीकडच्या युनिटला पाळणाघर नव्हतं. इथे होतं, हॉलच्या अगदी मागे. त्यात ताईची चिमणी असायची, नुकती बसायला शिकलेली आणि बसल्या बसल्या कलंडणारी. मध्येच जाऊन तिला पाजता यायचं, नुसतं बघूनही येता यायचं. म्हणजे प्रश्न नोकरीचा नव्हता हो, पोरीचा होता!

पद्धत ताईने नीट शिकून घेतली होती. जी वस्तू लागत नाही, तिला लाल कार्ड चिकटवायचं. कार्डवाल्या वस्तू काही दिवस एका कोपऱ्यात ठेवायच्या. कुणी मागायला आलं तर परत द्यायच्या, नाही आलं तर भंगारात. इतकी साधी गोष्ट! पण घाबरलेल्या माणसाला नको तेव्हा नको तेवढी अक्कल सुचते.

“कोपऱ्यात ठेवून वाट कशाला बघायची?” ती बायकांना म्हणाली. “वाट बघणं हीच मोठी नासाडी! रिकामं दिसलं की कार्ड, कार्ड लागलं की थेट भंगाराच्या ट्रकमध्ये. विचारत बसू नका!”

कार्डांचा गठ्ठा तिने पॅकिंगवालीच्या हाती दिला. या बाईला सगळे तुफान म्हणत. एकदा खोक्याबरोबर स्वतःच्या बाहीलाही टेप मारून ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत खोकं घेऊन हिंडली होती!

सुरुवात झकास झाली. मोडका पंखा गेला, तीन पायांचं स्टूल गेलं, कुणाचीच नसलेली एक चप्पल गेली. हॉल न्हाऊनमाखून बसलेल्या बाळासारखा दिसायला लागला. ताई मनातल्या मनात साहेबांची शाबासकी ऐकायला लागली.

तेवढ्यात झिपवाली ओरडली, “माझी कात्री कुठाय?”

“रिकामी पडली होती,” तुफान म्हणाली.

“अगं बये, मी पाणी प्यायला गेले होते! आता काय दातांनी दोरा तोडू?”

“तोड की. दातही रिकामेच आहेत.”

ताईला हसू आलं, पण ते ओठांवरच वाळलं. समोर कटिंगमास्तर उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“ताई, माझे फर्मे?”

दप्तराचा प्रत्येक तुकडा ज्यावरून आखून कापायचा, ते पत्र्याचे साचे म्हणजे फर्मे. 

“भिंतीला टेकवलेले पत्रे होते, ते का?” तुफानने लांबूनच विचारलं. “ते कामाचे होते होय?”

झालं! फर्मे नाहीत म्हणून कापणं थांबलं. कापलेलं येईना म्हणून शिवणं थांबलं. मशिनी रिकाम्या उभ्या राहिल्या. आणि रिकामं दिसलं की...

“तुफान! मशिनला हात लावू नकोस!”

“तुम्हीच म्हणालात, विचारत बसू नका!” दोन मशिनी ढकलगाडीवरून निघाल्यासुद्धा.

इतक्यात केबिनच्या दारात साहेब दिसले. ते जरा फेरी मारायला उठले होते. परत येऊन सवयीने बसायला गेले, आणि वेळेवर सावरले म्हणून बरं!

“माझी खुर्ची कुणी नेली?” 

पलीकडच्या युनिटचं फाटक तिला आत्तापासूनच दिसायला लागलं. अशा वेळी तिच्याकडे एकच औषध होतं, चिमणीच्या जावळाचा वास. ती पाळणाघराकडे पळाली.

खोलीत पाळणा नव्हता. त्याचे पाय टेकायचे तिथे फरशीवर नुसते डाग होते. पोरं सांभाळणाऱ्या आयामावशी नव्हत्या. चिमणी नव्हती.

“तुफान...” दारावरून ढकलगाडी नेणाऱ्या तुफानला ताईने अडवलं. “इथला पाळणा?”

“नेला की. हलत नव्हता.”

“आत... आत काय होतं?”

“दुपट्यांचं गाठोडं होतं. सोडून नाही बघितलं. बघत बसलं तर वेळ जातो ना!”

ताई धावत सुटली. असली धावली, की वाटेतल्या बायका भिंतीला चिकटल्या! अंगणात ट्रकने धूर सोडला आणि तो फाटकाकडे वळला.

“काका!” ती वॉचमनला ओरडली. “शिट्टी मारा! ट्रक अडवा!”

“शिट्टी सकाळीच नेली, ताई! वाजत नव्हती म्हणे!”

“मग फाटक लावा!”

“कडी नेली!”

शेवटी बिचारे काका हात पसरून स्वतःच फाटक झाले. ट्रक त्यांच्या पोटाशी येऊन कचकन थांबला. काकांनी डोळे मिटले होते ते पुढे बराच वेळ उघडलेच नाहीत.

ताई ट्रकवर चढली. पंखा बाजूला, स्टूल बाजूला, पत्रे बाजूला. तळाशी पाळणा, आडवा. त्यात गाठोडं, गप्प. गाठ सुटेना, तिने ती दातांनी सोडवली. एक दुपटं काढलं. आत दुसरं. आत तिसरं. आत... काहीच नाही!

इतका वेळ ती आत असेल म्हणून जीव जात होता, आता आत नाही म्हणून जायला लागला. मग गेली कुठे? ताईने अशी किंकाळी फोडली, की ड्रायव्हर खाली उडी मारून पळाला.

“अहो, केवढ्याने ओरडता! दचकली ना पोर!”

खाली आयामावशी उभ्या होत्या. त्यांच्या कडेवर चिमणी एका लाल कार्डाचा चोखून चोखून लगदा करत होती.

“पाळणा नेला, मग काय पोरीला फरशीवर निजवू? कधीची कडेवर घेऊन फिरतेय. हात तुटायला आलाय माझा! आणि ती धुतलेली दुपटी होती, घड्या मोडल्यात का सगळ्या?”

ताईने हात पुढे केले. चिमणी वर आली, आईच्या ओल्या गालाला लाल लगदा फासून खुदकन हसली. ताई मागच्या खुर्चीत मटकन बसली. खुर्ची साहेबांची होती, हे तिला साहेब येऊन समोर उभे राहिल्यावर कळलं.

“आज किती दप्तरं झाली?” साहेबांनी खालून विचारलं.

“एकही नाही, साहेब.”

“आणि कापड किती वाया गेलं?”

ताईने जरा विचार केला. “तेही नाही, साहेब.”

साहेबांनी कपाळाला हात लावला.

“उद्यापासून मी पलीकडच्या युनिटला...” ताई पुटपुटली.

“तिकडे? बाई, तेवढं एकच चालू राहिलंय आमचं! गुपचूप इथेच थांबा. पोरीला मावशींकडे द्या, आणि उतरवून घ्या सगळं!”

ताईने चिमणीला आणखी घट्ट धरलं.

“उतरवते, साहेब. पण हिला खाली नाही ठेवायची. तुफान अजून कार्डं घेऊन हिंडतेय!”