तोंड नसलेला अध्यक्ष

आमच्या कॉलनीच्या मीटिंगच्या वहीत मी सोन्याच्या सिंहासनावर बसलोय. डोक्यावर छत्र हाय, मागं एकजण चवरी ढाळायलाय, पायापाशी उदगीरच्या किल्ल्याचा बुरूज हाय. फक्त मला तोंड न्हाई. मानेच्या वर कोरा पांढरा गोल, आणि गोलावर फेटा.

हे काम आमचे शेजारी बिरादार सर यांचं. सर शाळेत चित्रकला शिकवायचे. तरुणपणी हैदराबादेत जुन्या पुस्तकांच्या बाजारात त्यांना इराणी बादशहांच्या दरबारी चित्रांचं एक फाटकं पुस्तक सापडलं, आणि तेव्हापासून माणूस कामातून गेला. पोरांनी लांबचं झाड लहान काढलं की सर चिडायचे. "लांब गेलं म्हणून झाड बारीक होतंय व्हय?" म्हणायचे. सावली काढली की मार्क कापायचे. डोंगर गुलाबी पाहिजे, घोडा निळा पाहिजे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबानं विचारलं, निळा घोडा कुठं बघितला? सर म्हणाले, तुम्ही इराणला गेलेले दिसत न्हाई. स्वतः सर हैदराबादच्या पुढं गेलेले नव्हते.

अशा माणसाच्या हातात आम्ही मीटिंगची वही दिली. अक्षर चांगलं, एवढ्यावर दिली. बोअरची मोटर जळाली, नवीन बसवावी, ठराव मंजूर. दोन ओळींचं काम. सरांनी चार महिने लावले. वही आली तर पानभर चित्र. जळालेली मोटर मखमली गादीवर ठेवलेली, भोवती सगळे सभासद जरीच्या अंगरख्यात हात बांधून उभे, वर जिलबीसारखे ढग, चारी बाजूंनी वेलबुट्टी. ठराव कुठाय, तर खालच्या कोपऱ्यात, भिंग लावून वाचायचा.

पण चेहरे! तुरीच्या डाळीएवढ्या जागेत माणूस जसाच्या तसा बसवलेला. पाटलांचं ते खोटं हसू, जोशींची जांभई. पाटील तर भांडायलाच गेले, मला लबाड दाखवलं म्हणून. त्यांच्या बायकोनं वही बघितली आणि हुबेहूब हाय म्हणून सांगितलं. मग गप बसले. पुढं पुढं लोक मीटिंगला येण्याआधी दाढी करून यायला लागले.

अशी पाच चित्रं झाली. मग अध्यक्ष मी झालो.

माझ्या पहिल्या मीटिंगला टँकरचा विषय होता. मी नवीन झब्बा शिवला, पाऊण तास बोललो. चित्र यायला सव्वा वर्ष लागलं. मधी सरांच्या मिसेस, आमच्या वहिनी, आजारी पडून वारल्या, त्यामुळं मीबी तगादा लावला न्हाई. शेवटी वही आली. टँकर हत्तीसारखा झूल पांघरून उभा, घागरी सोन्याच्या, सगळं झकास, आणि एकालाबी तोंड न्हाई. न्हाई म्हणायला एकाला होतं. डाव्या कोपऱ्यात गुडघ्यावर कागद घेऊन बसलेला चित्रकार, म्हणजे खुद्द बिरादार सर. चष्मा, मिशीतले पांढरे केस, डोळ्यांतला तो खट्याळपणा, कशात कमी न्हाई.

माझं टाळकंच सरकलं. आधीच्या अध्यक्षांना नाकडोळे, आणि मला अंडं? मी विचारलं तर म्हणाले, "चेहरा सगळ्यात शेवटी असतो, अध्यक्ष." इराणी दरबारातली ती रीतच हाय म्हणे. आखणारा एक, रंग भरणारा दुसरा, चेहऱ्याचा उस्ताद वेगळा, आणि तो शेवटी बसतो. मी म्हटलं, मग तुमचाच बरा सगळ्यांच्या आधी झाला? सर चष्मा पुसत राहिले.

मला कारण पक्कं माहीत होतं. मांजर. इराणी कुंचला मांजराच्या मऊ केसांचा लागतो, आणि आमचं पांढरं मांजर एके दिवशी मानेखाली भादरून घरी आलं होतं. माझ्या बायकोनं सरांच्या दारात उभं राहून त्यांचा जो उद्धार केला, तो मागच्या गल्लीपर्यंत ऐकू गेला. त्याचाच हा सूड, असं मी धरून चाललो.

पंधरा ऑगस्ट जवळ आला. झेंडावंदनाला पाहुणे येणार, त्यांच्यापुढं वही मांडायची. मीबी हट्टाला पेटलो. घरोघर जाऊन सभासदांचे पासपोर्ट फोटो गोळा केले, कात्री आणि गोंद घेतला, आणि एका सकाळी सरांच्या पडवीत जाऊन बसलो. म्हटलं, काढता का चिकटवू?

सरांनी फोटो एकेक करून बघितले. "चिकटवा," म्हणाले. "माझ्या तोंडाला तेवढा हात लावू नका."

"स्वतःच्या तोंडावर लई जीव हाय तुमचा," मी म्हटलं.

"ते मी काढलेलं न्हाई. तिनं काढलंय."

मला उलगडा होईना. मग सर सांगायला लागले. त्यांना घोडा यायचा, झाड यायचं, वेलबुट्टी यायची. चेहरा कधीच आला न्हाई. पाचही चित्रांतले चेहरे वहिनींचे. त्यांनीच कुणाला सांगू दिलं न्हाई. कळलं तर पाटील माझ्याकडं भांडायला येतील, म्हणायच्या. मला एकदम आठवलं, वहिनी दुपारी ह्याच पडवीत रस्त्याकडं पाठ करून वाकून बसलेल्या असायच्या. आम्हाला वाटायचं, शेंगा फोडायल्यात. हाक मारली तर ओ द्यायच्या न्हाईत, म्हणून आम्ही त्यांना शिष्ट म्हणायचो. एका केसाची रेघ ओढताना श्वास धरून ठेवावा लागतो, हे मला त्या सकाळी कळलं.

टँकरचं चित्र झालं तेव्हा वहिनींना दवाखान्यातून घरी आणलेलं होतं. सगळे व्हायचे न्हाईत, एक करते, म्हणाल्या. सर म्हणाले, अध्यक्षाचा कर, न्हाई तर तो जन्मभर बोलंल. वहिनी हसल्या आणि कोपऱ्यातला करायला घेतला. तेवढ्याला दोन दिवस लागले. त्यानंतर त्यांनी कुंचला धरला न्हाई.

मी फोटो खिशात घातले. ते अजून माझ्याकडंच हायेत. पंधरा ऑगस्टला वही तशीच मांडली. पण त्या सकाळी पडवीतून उठायच्या आधी मी सरांच्या चित्र काढायच्या फळीखालचे कागद बघायला घेतले. पंधरा-वीस तरी होते, आणि सगळ्यांवर एकच बाई. हिरवी साडी, अंबाडा, हातात कुंचला. सगळं रेखीव, फक्त तोंडाच्या जागी खरवडून खरवडून कागद पातळ झालेला. तिनं अख्ख्या कॉलनीला काढलं, स्वतःला काढलं न्हाई, सर म्हणाले. मी म्हटलं, फोटोवरून काढा की. तर फोटो काढताना त्या तोंड मिटून बसायच्या, एकाबी फोटोत हसलेल्या न्हाईत.

मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "अध्यक्ष, तुम्ही तिला वीस वर्षं बघितलंय. हसताना तिचा कोणता गाल आधी वर जायचा? मला आठवंना झालंय."

उत्तर मला तोंडपाठ होतं. मी कुठल्याबी मीटिंगला भाषणाला उभा राहिलो की वहिनी मागच्या रांगेत बसून हसायच्या, आणि मी दर वेळी रागानं तिकडंच बघायचो.

"डावा," मी म्हटलं. "उजवा दाबून धरायच्या, मग तोबी सुटायचा."

सरांनी कागदाच्या काठावर पेन्सिलीनं बारीक लिहिलं: आधी डावा. त्याखाली लिहिलं: सूचक, अध्यक्ष. मग माझ्याकडं बघून म्हणाले, अनुमोदक पाहिजे.

मी उठून कुंपणावरून बायकोला हाक मारली. ती मांजराला कडेवर घेऊनच आली. मी सगळं सांगितलं. तिनं ते कागद एकेक करून बघितले, पदरानं डोळे पुसले, "डावाच," म्हणाली, आणि मांजर सरांच्या मांडीवर ठेवलं.