वझरकर सर आणि मागचं व्हर्जन

वझरकर सरांना ‘काय सर, नवीन काय?’ असं कधी विचारू नये. रस्त्यात भेटले म्हणून, सहज म्हणून, बोलायला दुसरं काही सुचलं नाही म्हणूनसुद्धा विचारू नये. मी गंगाखेडला राहायला आलो त्याच आठवड्यात ही चूक केली. सर दुधाची पिशवी घेऊन घरी चालले होते. जागच्या जागी थांबले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, “नवीन काई न्हाई गुरुजी. अन् देवाच्या दयेनं होऊ बी नये.”

मी सोनपेठकडच्या एका शाळेवर शिक्षक आहे, म्हणून त्यांच्या लेखी मी गुरुजी. आमची दारं समोरासमोर. सर आणि त्यांच्या पत्नी सुलभाबाई यांनी गंगाखेडात पस्तीस वर्षं टायपिंगचं इन्स्टिट्यूट चालवलं. आधी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. नावाला संस्थाचालक सर असले तरी शिकवायच्या बाईच. गावातले निम्मे कारकून बाईंच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे कोणत्याही हापिसात सरांचं काम अडत नसे. इन्स्टिट्यूट बंद झालं, मशीनं विकली गेली. एक कॉम्प्युटर तेवढा सरांनी घरी आणला. त्यात विंडोज एक्सपी. तीच ती, चालू केली की हिरवी टेकडी आणि निळं आभाळ दिसणारी.

जग त्यानंतर कुठल्या कुठे गेलं. सर टेकडीवरून खाली उतरले नाहीत.

त्या कॉम्प्युटरचा थाट बघण्यासारखा आहे. मागे ढेरी असलेला मॉनिटर, त्यावर क्रोशाची झालर, सीपीयूचा डबा जमिनीवर नको म्हणून खाली जेवायचा पाट. मुंग्या येऊ नयेत म्हणून पाटाभोवती हळदीची रेघ. बाहेरून आणलेला पेनड्राइव्ह त्याला थेट लावायचा नाही. पडवीत सरांनी भंगारातून आणलेला दुसरा एक खटारा ठेवला आहे. त्यावर पेनड्राइव्ह आधी तपासायचा, मगच आत न्यायचा. “पावण्यानं पाय धुऊन यावं,” असं ते म्हणत. इंटरनेटची वायर तर त्या मशीनला कधी लागलीच नाही.

आता अशा मशीनवर आजचं काहीच चालत नाही. काहीही घालायला गेलं की ते नम्रपणे नकार देतं. मग प्रत्येक प्रोग्रामची जुनी आवृत्ती शोधणं आलं. पीडीएफ उघडायचंय, तर त्याचं मागचं व्हर्जन. गाणी ऐकायचीत, तर त्याच्याही मागचं. प्रिंटरसाठी तर सर इतके मागे गेले की, आणखी थोडे गेले असते तर शाईची दौत लागली असती. परभणीची भंगाराची दुकानं, बंद पडलेली नेट कॅफे, मासिकांबरोबर फुकट यायच्या त्या सीड्या, सर सगळीकडे फिरायचे आणि फाईल सापडली की मुलगा पास झाल्यासारखे पेढे घेऊन यायचे.

“पुढचं कुणीबी आणतंय गुरुजी,” ते म्हणत, “मागचं आणून दाखवा!”

मी एकदा त्यांना चौसष्ट बिटचं काहीतरी सुचवलं. सरांनी तोंड उघडून दात दाखवले. “हे किती? बत्तीस. माझ्या मशीनचे बिट किती? बत्तीस. चौसष्टचं घेऊन चावू कशानं?” त्यांचे स्वतःचे दात तोवर एकोणीस उरले होते, पण मी वाद घातला नाही.

ही मागच्या व्हर्जनची खोड कॉम्प्युटरपुरती राहिली असती तरी चाललं असतं. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट बदललं तेव्हा सरांनी औषधवाल्याला अर्धा तास उभं केलं. “गोळी तीच हाय सर, डिझाइन बदललंय.” “मंग गोळी तीच आसंल तर जुन्या डिझाइनमधीच द्या की!” पुण्याच्या मुलानं कौतुकानं लॅपटॉप पाठवला. सरांनी तो उघडला, चारी बाजूंनी बघितला, पुन्हा खोक्यात ठेवला. “पोरगी देखणी हाय,” म्हणाले, “पण आमच्या घरात तिचं निभायचं न्हाई.” मुलगा फोनवर ओरडायचा, बाबा, ते धूड भंगारात द्या. सर फोन कानापासून लांब धरून माझ्याकडे बघत हसायचे.

मीही हसायचो. आणि त्या हसण्याच्या भरातच माझ्या हातून घोटाळा झाला.

घटक चाचणीचे पेपर छापायचे होते. शाळेचा प्रिंटर आजारी होता, म्हणून पेनड्राइव्ह घेऊन सरांकडे गेलो. सर बाईंना दवाखान्यात घेऊन जायच्या गडबडीत होते. गेली काही वर्षं बाईंना विसरायला होत होतं, हे मला ठाऊक होतं. आधी किल्ल्या, मग दिवस, मग माणसं. “तुमचं तुमी छापून घ्या,” सर म्हणाले, “पण पाय धुवा बरं का!” मी हो म्हटलं. पडवीतला खटारा चालू व्हायला दहा मिनिटं घेतो. माझी एसटी चुकणार होती. मी पेनड्राइव्ह न तपासता थेट आत लावला.

पेपर छान छापून झाले. व्हायरसनेही आपलं काम छान केलं. दुसऱ्या दिवशी सरांनी मशीन चालू केलं तर टेकडी होती, आभाळ होतं, पण एकही प्रोग्राम उघडेना. वर्षानुवर्षं जमवलेल्या सगळ्या सेटअप फाईली त्याने खाऊन टाकल्या होत्या.

मी जाऊन चूक कबूल केली. वाटलं, सर आता गावभर ऐकू जाईल असं बोलणार. पण त्यांनी बिस्किटाच्या डब्यात लवंगा घालून ठेवलेल्या सीड्या काढल्या आणि दोन दिवस खाली मान घालून एकेक प्रोग्राम परत बसवत गेले. सगळं बसलं. एकच राहिलं.

“बाईचं टायपिंग तेवढं गेलं,” सर म्हणाले. त्याची सीडी कधीच तडकली होती. होती ती प्रत कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरच.

तो टायपिंग शिकवणारा एक जुना मराठी प्रोग्राम होता. बाजारात त्याचं नवं व्हर्जन मिळत होतं, पण ते या मशीनवर चालणार नव्हतं. मी म्हटलं, “सर, लॅपटॉप आहे ना? नवंच घेऊ. पैसे माझे.” सरांनी माझ्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा नव्या व्हर्जनला हो म्हटलं. मी घाईघाईनं आणून बसवून दिलं. संध्याकाळी विचारायला गेलो तर लॅपटॉप पुन्हा खोक्यात.

“बाई बसली त्याच्यापुढं,” सर म्हणाले. “लय येळ बघितलं. मंग मला म्हनली, मला हे येत न्हाई हो. अन् रडायली. पस्तीस वर्सं शिकवलेली बाई, गुरुजी. तिला मी ‘येत न्हाई’ म्हनायला लावलं.”

मला तोंड वर करायची सोय राहिली नाही.

त्यानंतर चार दिवस सर फोनला चिकटून होते. जुने विद्यार्थी, बंद इन्स्टिट्यूटवाले, प्रत्येकाला एकच प्रश्न. शेवटी येलदरीच्या लोखंड्यांचा पत्ता लागला. त्यांनीही कधीकाळी धरणाच्या वसाहतीत टायपिंगचा क्लास घेतला होता. फोनवर म्हणाले, सीड्या ढीगभर हायेत, येऊन बघा. रविवारी बाईंजवळ माझी बायको बसली आणि सर नि मी परभणी-जिंतूर करत येलदरीला पोचलो. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मांडीवर पिशवी आणि पिशवीत टॉवेल, सीडी गुंडाळायला.

लोखंडे मोठा मोकळा माणूस. चहा पाजला, मग आम्हाला मागच्या पेरूच्या बागेत नेलं आणि हात फिरवून म्हणाले, “घ्या! काय पायजे ते बघा.”

वीस-बावीस पेरूची झाडं आणि प्रत्येक फांदीला लटकलेल्या, उन्हात चमचमणाऱ्या सीड्या.

“राघू लय तरास द्यायलेत,” लोखंडे म्हणाले. “चमकलं की भितेत म्हनं.”

सरांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या वडिलांचा कोट बुजगावण्याला घातला होता. राघू मात्र एका सीडीत आपलं तोंड बघत बघत निवांत पेरू खात होते.

“ओ लोखंडे,” सर कसेबसे म्हणाले, “कंपनीची छापील सीडी बी लटकवली?”

“लटकवताना कोन वाचतंय सर?”

मग अडुसष्ट वर्षांचे वझरकर सर इस्त्रीच्या शर्टासकट स्टुलावर चढले. झाडामागून झाड. चष्मा कपाळावर, सीडी नाकाला लावलेली. कुणाच्या तरी लग्नाची सीडी. भजनं. दहावीचे अपेक्षित प्रश्न. अर्ध्याअधिक तर उन्हानं पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मी खालून स्टूल धरून होतो आणि मनातल्या मनात प्रत्येक देवाला हाक मारत होतो, कारण ती सापडली नाही तर माझं काय होणार होतं ते मला कळत होतं. उद्यापासून समोरच्या दाराकडे बघायची हिंमत झाली नसती.

सतरावं की अठरावं झाड असेल. विहिरीच्या बाजूला, सावलीत. सर बराच वेळ खाली उतरेनात.

“सर?”

“गुरुजी,” वरून आवाज आला, “हीच.”

घरी भरलेली सीडी असती तर उन्हानं केव्हाच गेली असती. ही कंपनीची छापील होती आणि नशिबानं सुतळी मधल्या भोकातूनच ओवली होती. वर पक्ष्यांनी आपापली सही केलेली. सरांनी ती विहिरीवर धुतली, टॉवेलात गुंडाळली आणि गंगाखेड येईपर्यंत पिशवी खाली ठेवली नाही. जिंतूरला कंडक्टरनं “काका, पिशवी वर ठेवा,” म्हटल्यावर त्याच्याकडे त्यांनी असं बघितलं की तो पुढे सरकला. घरी आल्यावर ओरखड्यांवर टूथपेस्ट चोळून सीडी पुसणं झालं. तो प्रोग्राम बसवताना कव्हरवरचा वीस आकडी नंबर टाकावा लागतो. कव्हर कधीच हरवलेलं, पण नंबर सरांना पाठ होता.

“चालली का?” हे विचारायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच गेलो. दार उघडंच होतं. आतल्या खोलीतून टायपिंगचा आवाज येत होता. अडखळत, थांबत थांबत. मला वाटलं, बाई बसल्या असतील. उंबऱ्यात गेलो आणि थांबलो.

कॉम्प्युटरपुढे सर बसले होते. पाठ ताठ, बोटं मधल्या ओळीवर. बाजूच्या खुर्चीत बाई. इस्त्रीची सुती साडी, हातात लाकडी पट्टी. पडद्यावर त्या जुन्या प्रोग्रामचा पिवळा कीबोर्ड, वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत चुका.

“वझरकर,” बाई म्हणाल्या, “खाली बघू नका. पडद्याकडे बघा.”

“हो बाई.”

“करंगळी. करंगळी कुठं गेली तुमची?”

“चुकलो बाई.”

ओळ संपली, जुन्या मशीनसारखी टिंग अशी घंटा वाजली. बाईंनी मान डोलावली. इतक्या वर्षांत मी बाईंना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. दारात मी भेटलो की त्या भांबावून बघायच्या, सरांनाच विचारायच्या, तुम्ही कोण, कुणाकडे आलात? इथे मात्र त्यांना सगळं ठाऊक होतं. कोणतं बोट, कोणतं अक्षर, चूक कुठे दिसते, घंटा केव्हा वाजते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलंही नाही.

सरांनी मला बघितलं. “बाई, जरा पानी पिऊन येऊ का?”

“दोन मिनटं,” बाई म्हणाल्या.

पडवीत आल्यावर सर हळूच म्हणाले, “दिवसभर मी कोन हाय ते तिला सांगता येत न्हाई. सात ते आठ मातर वळखती. सातच्या बॅचचा वझरकर म्हनून.”

“पण सर, तुमचा टायपिंगचा वेग तर...”

“मिनटाला पन्नास शब्दांचा हाय.” ते ओशाळं हसले. “एकदा गेल्या साली सवयीनं हात चालला. पुरा धडा बिनचूक निघाला. बाई लय खूश झाली. म्हनली, वझरकर, तयार झालात तुमी, परीक्षेचा फॉर्म भरा, उद्यापासून येऊ नका. दुसऱ्या दिवशी सातला गेलो तर आत घेईना. कोन तुमी, म्हनली. आठ दिवस लागले, गुरुजी, परत अॅडमिशन मिळायला.”

त्यांनी तांब्यातलं पाणी घोटभर घेतलं आणि बोटं मोडून मोकळी केली.

“तवापासून रोज मोजून सात चुका करतो. कमी न्हाई, जास्ती न्हाई. जास्ती केल्या की बिचारीला वाटतं, आपलं शिकवनं कमी पडायलंय.”

आतून पट्टी टेबलावर आपटल्याचा आवाज आला.

“वझरकर, वेळ संपला.”

“आलो बाई,” असं म्हणून सर घाईघाईनं आत गेले.