शेवटचं रीळ

डोकंच फिरलं माझं! चौतीस वर्षांपूर्वी मी जो सिनेमा बंद पाडला, तो माझ्याच घरात, करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये, सुनेच्या लॅपटॉपवर! 'खारी हळद' नाव त्याचं. त्यात आमच्या समाजाच्या लग्नांची टिंगल आहे असं कळलं, म्हणून आम्ही पोरांनी पनवेलच्या थिएटरात राडा केला होता. आणि मी, म्हणजे या आनंदाने, मशीनच्या खोलीत घुसून शेवटचं रीळ डब्यासकट पळवलं होतं. (तो पत्र्याचा डबा अजून शोकेसमध्ये आहे. पाहुण्याला आधी डबा, मग चहा.)

"पप्पा, ही ऑनलाइन आर्काइव्ह आहे," सून पूर्वी म्हणाली. "वादात अडकलेले, कुठेच न मिळणारे सिनेमे जपून ठेवतात हे लोक."

"कोणाला विचारून? काढायला लाव आत्ताच्या आत्ता!"

तिने तक्रारीचा फॉर्म उघडला. नाव, गाव झालं. पुढचा प्रश्न: आक्षेप कुठल्या दृश्यावर? मिनिट आणि सेकंद लिहा.

"सगळ्यावर!"

"असं नाही चालत. बघितलाय ना तुम्ही?"

आता आली का पंचाईत! राडा करायचा की सिनेमा बघत बसायचं? (आमच्या पुढाऱ्याने तर पोस्टरसुद्धा बघितलं नव्हतं.)

झक मारत बसलो, वही-पेन घेऊन. बायको दमयंतीही भाजी निवडायची टाकून येऊन बसली. दीड तास गेला, टिंगल कुठेच नाही! उलट मिठागरावरच्या बाया बोलायला लागल्या की माझी आजीच बोलतेय असं वाटायचं. वही कोरी, आणि माझा राग टाळूपर्यंत. शेवटी हळद लागली, धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी बाई तोंड उघडणार, तेवढ्यात पडदा काळा. खाली अक्षरं: शेवटचं रीळ उपलब्ध नाही. दुसरी प्रत नाही.

दमयंती ताडकन उठली. "त्या हळदीत मी हाय!"

"काय?"

"जासईला शूटिंग झालं तवा पंधराची होते मी. सगल्यांच्या पुढं नाचलेय. आख्खा गाव ट्रकात बसून पनवेलला बघायला आलता, आन् तुमी रीळ घेऊन पलालात!"

"इतक्या वर्षांत बोलली नायस?"

"तुमी बोलू दिलात कवा? डबा दाखवण्यातच जल्म गेला तुमचा!" तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेलाच. "काढा तो डबा. मला माजं तोंड बघायचंय."

"रीळ पाठवलं तर ते साफ करून जोडतात, मम्मी," पूर्वी म्हणाली, आणि मी शोकेससमोर आडवा उभा राहिलो.

डबा दमयंतीनेच उघडला. आत काही नव्हतं.

"ते... लग्नाआधी... शेतात कारल्याच्या मांडवावर बांधलं मी. वाऱ्यावर मस्त फडफडायचं. पाखरं यायची नाहीत."

"म्हंजे लगीन व्हायच्या आदीपासून मी तुमच्या शेतात पाखरं हाकत होते?"

त्यानंतर ती जे बोलली ते कुठल्याच आर्काइव्हने जपू नये. मग तिने पूर्वीला शेजारी बसवून तो फॉर्म स्वतः भरला.

चार दिवसांनी सिनेमाखाली नवीन ओळ आली: 'शेवटचं रीळ कारल्याच्या मांडवावर पाखरं हाकायला वापरण्यात आलं. वापरणारे गृहस्थ: आनंदा, करंजाडे.' सगळ्या जगाला दिसतेय! डब्यात आता सुका जवळा असतो.

"काढायला लाव ती ओळ!" मी पूर्वीवर ओरडलो.

तिने शांतपणे फॉर्म उघडला. "लावते ना. पण पप्पा, ओळीत खोटं काय आहे, ते लिहावं लागतं."