बाकावर उरलेले दोघं

आमच्या चर्चमध्ये प्रार्थना कधी संपवायची हे पाळकसाहेब ठरवत नसत, शमुवेल ठरवायचा. पाळकसाहेब डोळे मिटून आजाऱ्यांसाठी मागत, दहावीच्या मुलांसाठी मागत, निफाडच्या द्राक्षांवर गारा पडू नयेत म्हणून मागत, आणि मग गाडी सरकारी अधिकाऱ्यांच्या सुबुद्धीकडे वळे. शमुवेलच्या मते एवढं पुरे झालं की दुसऱ्या बाकावरून खणखणीत आवाज यायचा, "आमेन!" सवयीने सगळी मंडळीही "आमेन" म्हणून खाली बसायची. बायका पदर सावरायच्या, पेटीवाले भाता उघडायचे आणि पाळकसाहेब बिचारे अर्ध्या वाक्यात हात पसरून उभे. अधिकाऱ्यांना सुबुद्धी का मिळाली नाही, याचं कारण मला तरी हेच वाटतं.

उपासना संपली की हा गडी पाळकसाहेबांच्या शेजारी दारात उभा. प्रत्येकाशी हात मिळवायचा, "सलाम!" म्हणायचा आणि वर निकाल सांगायचा. "आज लय लांबलं." किंवा क्वचित, "आज बरं व्हतं." पाळकसाहेब म्हणत, बिशपसाहेबांपेक्षा मला याची धास्ती जास्त.

वय बत्तीस-तेहतीस. अंगाने गोलमटोल, डोळे बारीक, शर्टाचं गळ्याजवळचं बटण भर उन्हाळ्यातही लावलेलं. लोक त्याला मतिमंद म्हणत. डॉक्टरांनी काही तरी इंग्रजी नाव दिलं होतं. त्याच्या आई, मार्थाकाकू, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होत्या. त्या म्हणत, "देवानं त्याला सावकाश बनवलंय, बाई. घाई केली न्हाई."

आता माझं सांगते. नव्वद सालानंतरची ती तीन-चार वर्षं मी देवाशी अबोला धरला होता. माझा नवरा बेचाळिसाव्या वर्षी, चांगला चालताबोलता, एका शनिवारी दुपारी गेला. मी गणिताची शिक्षिका. उत्तर पटलं नाही तर पुढचं पान उलटायचं नाही, ही माझी खोड. चर्चला जायची ती केवळ सासूबाईंना इंदिरानगरहून स्कूटरवर आणायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. एकेक बाक उठायचा, वेदीपुढच्या कठड्याशी रांगेने गुडघे टेकायचा, भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला घोट घेऊन परतायचा. लहान मुलं तेव्हा मागच्या खोलीत रविवारच्या शाळेत. मी जागची हलत नसे. आणि शमुवेलला हलायची परवानगी नव्हती. कारण दृढीकरण झाल्याशिवाय, म्हणजे बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून मंडळीत पक्कं करून घेतल्याशिवाय, प्रभुभोजन मिळत नाही आणि बायबलमधल्या दहा आज्ञा पाठ असल्याशिवाय दृढीकरण होत नाही. आमचा बाक उठला की भरल्या चर्चमध्ये त्यावर आम्ही दोघंच बसून.

अशाच एका रविवारी तो बाकावरून सरकत सरकत माझ्यापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमचं बी पाठ नाय?"

मी म्हटलं, "नाही रे."

त्याने माझ्या हातावर थोपटलं. "व्हईल, व्हईल."

वीस वर्षं मी मुलांना नापास करत आले होते, पण नापास झाल्याबद्दल माझं सांत्वन कुणी केलं ते तेव्हाच. आमची मैत्री तिथे सुरू झाली.

दृढीकरणाला बिशपसाहेब दोन-तीन वर्षांतून एकदा यायचे. शमुवेल तीन वेळा चौदा वर्षांच्या पोरांबरोबर वर्गाला बसला होता आणि तिन्ही वेळा गळला होता. चौथ्या खेपेला मार्थाकाकू मला म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या पोरांना पाढे शिकवता. माझ्या डोळ्यादेखत त्याला तिथं गुडघे टेकू द्या. मला दुसरं काय बी नको." देवाशी माझं भांडण असलं तरी विद्यार्थी पुन्हा पुन्हा नापास होणं मला सहन होत नाही. मी हो म्हटलं.

दर शनिवारी संध्याकाळी तो माझ्या घरी यायचा. आधी चहा, मग दोन बिस्किटं, मग आज्ञा. अडचण अशी की प्रत्येक आज्ञा तो स्वतःवरचा आरोप समजायचा.

"चोरी करू नको," मी म्हणे.

"मी नाय केली!" तो उठून उभाच राहायचा.

"खून करू नको."

"बाई, आईशपथ नाय."

"अरे, शपथही घ्यायची नसते! बस खाली. शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ धरू नको."

यावर तो बराच वेळ विचार करायचा. "शेजाऱ्याकडं बैल नाय. स्कूटर हाय."

"मग तिचा लोभ धरू नको."

"धरतो थोडा," तो प्रामाणिकपणे सांगायचा.

शेवटी मी माझी जुनी युक्ती काढली. दहा बोटं, दहा आज्ञा. एकेक बोट धरायचं आणि म्हणायचं. तीन महिन्यांत गडी डाव्या अंगठ्यापासून उजव्या करंगळीपर्यंत न अडखळता जायला लागला. मी गल्लीत पेढे वाटायचीच बाकी होते.

पाळकसाहेबांनी तोंडी परीक्षा घेतली त्या दिवशी मी खिडकीशी उभी होते. पोरं धडाधड म्हणून मोकळी झाली. शमुवेल उभा राहिला आणि पाहते तर त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला हे एवढं बँडेज! सकाळी दारात चेमटलं होतं. सात आज्ञा सुरेख झाल्या. आठव्या बोटावर तो थांबला.

"पुढची?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"ही बांधलीय," शमुवेल म्हणाला. "दिसत नाय."

पोरं फिदीफिदी हसली. मला रडू यायचंच बाकी होतं. पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "शमुवेल, तुला प्रभुभोजनाला का यायचंय?"

तो म्हणाला, "तितं समदे खांद्याला खांदा लावून बसत्यात. हितं लय मोकळं व्हतं."

मी खिडकीतून बाजूला झाले. तीन-चार वर्षं तो बाक मी माझ्या रागाची जागा म्हणून वापरत होते. शेजारच्या माणसाला तिथे एकटं वाटत असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. पाळकसाहेबांनी यादीत त्याचं नाव लिहिलं.

बिशपसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मार्थाकाकूंनी पदर तोंडात धरला होता. मग प्रभुभोजन सुरू झालं. शमुवेल पांढऱ्या शर्टात, सगळ्यांच्या पुढे. कठड्यापाशी पोचला, गुडघे टेकले आणि मागे वळून पाहिलं. मी नेहमीसारखी बाकावर. तो उठला आणि सगळी रांग उलटी कापत माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"बाई, चला."

"अरे, तू जा. तुझी पाळी आहे."

"तुम्ही?"

"माझं राहू दे."

त्याने जरा विचार केला. "मंग मी बी नाय," असं म्हणून तो माझ्या शेजारी बसलाच. तिकडे बिशपसाहेब भाकर हातात धरून थांबलेले, सगळ्यांच्या माना आमच्याकडे. मार्थाकाकू तिथून हात जोडून माझ्याकडे बघत होत्या. त्याला उठवायला मी त्याचा दंड ओढला, पण तो गडी हलेना. ज्या घासासाठी त्याने इतकी वर्षं काढली, तो माझ्यासाठी अडला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर त्याचं काहीच नव्हतं. तो आरामात बसला होता.

मी उठले. देवावर अजून रागच होता, खोटं कशाला सांगू? पण शमुवेलपुढे माझं काही चालेना.

कठड्याशी गर्दी होती. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीचे एक जाडजूड गृहस्थ ऐसपैस गुडघे टेकून होते. शमुवेलने त्यांना कोपराने ढोसलं आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सरका की जरा. बाई आल्यात."